शिवणीतला नंदी

माझ्या सगळ्या नोकरीत मी एकाच प्रकारच्या उदाहरणाचा मनापासून राग केला. 'एका घनाकृती लाकडी ठोकळ्यातून मोठ्यात मोठा गोल कोरून काढला, तर उरलेल्या लाकडाचे घनफळ काढा.' कधी गोलाच्या जागी शंकू, कधी वृत्तचिती. पोरं सूत्र घालायची, बावीस सप्तमांश लिहायची, वजाबाकी करायची आणि उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळी व्हायची. मीही लाल पेनानं बरोबरची खूण करून मोकळी. पण त्या पुस्तकातल्या लाकडाला ना साल, ना गाठ. ते कोणाच्या अंगणात उभं नव्हतं, ते कोणी तोडलं नाही, आणि कोरणाऱ्याला दिसत होतं की नाही हे तर कोणी विचारतच नाही. आणि ते 'उरलेलं लाकूड'! जसं काही कोणी ते नीट रचून ठेवलंय, पाहिजे तेव्हा जावं आणि परत चिकटवावं. त्या उदाहरणांचा तास संपला की मी नळावर हात धुवायला जायची आणि बराच वेळ पाण्याखाली हात धरून उभी राहायची. निमित्त खडूचं.

माझे बाबा वाढई होते. आमच्या झाडीपट्टीत सुताराला वाढईच म्हणतात. आसगावात आमचं घर शेवटून तिसरं, पुढे मोठं अंगण आणि अंगणात मायचं शिवणीचं झाड. मायचं म्हणजे खरोखर मायचं. लग्न होऊन दिघोरीहून आली तेव्हा सोबत पदराखाली रोप घेऊन आली होती. सासूनं म्हणे विचारलं, "भांडे आणाचे सोडून झाड कायले आणलं वं?" मायनं सरळ अंगणात खड्डा केला. माझ्या आठवणीत ते झाड नेहमी मोठंच आहे. उन्हाळ्यात त्याच्या सावलीत बाबांचं काम चालायचं, मायचं धान निवडणं चालायचं, आणि मी खोडाला पाठ लावून पाढे म्हणायची. चैतात पिवळी फुलं पडायची, ती बाबांच्या केसांत आणि ढलप्यांत मिसळून जायची.

घरात शांतता अशी नव्हतीच. डोळे मिटूनही बाबा काय करताहेत ते मला सांगता यायचं. लाकूड तासायच्या वाकसाचा आवाज जाड, थांबून थांबून. रंध्याचा लांब, जणू कोणी धानाची पेंढी ओढत नेतंय. पटाशीवर मोगरी पडली की टक टक, आणि मध्येच बाबा फुंकर मारायचे. मला सगळ्यात आवडायचा तो गेरूच्या सुतळीचा आवाज. गेरूत भिजवलेली सुतळी लाकडावर ताणून धरायची, मधोमध उचलायची आणि सोडायची. टण्! लाकडावर लाल सरळ रेघ. एका टोकाला नेहमी मी असायची. नांगर, वखर, बंडीची चाकं, दाराच्या चौकटी, सगळ्यांची सुरुवात त्या 'टण्' पासून व्हायची. आणि पोळा जवळ आला की नंदी.

तान्हा पोळा आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी खऱ्या बैलांना सुट्टी, आणि गावातली सगळी पोट्टे-पोट्टी आपापला लाकडी नंदी दोरीनं ओढत तोरणाखाली येतात, मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. गावातल्या निम्म्या पोरांचे नंदी बाबांच्या हातचे. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळचे टिनाचे दोन फर्मे होते, एक नंदीचा बाजूनं आकार, एक समोरून. बाबांची रीत ठरलेली. आधी ओंडका चारही बाजूंनी चौरस करायचा. मग एका अंगावर बाजूचा फर्मा ठेवायचा, तोंडावर समोरचा, कडेनं रेघ मारायची आणि रेघेबाहेरचं काढत जायचं. "मी नंदी करत नसतो वं सुमे," ते म्हणायचे, "नंदी नाही ते काढत असतो." मला हे फार हुशारीचं वाटायचं. शाळेत सांगितलं, तर कोणाला काही कळलं नाही.

मी नववीत होते त्या वर्षी बाबांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी ते टेप माझ्या हातात द्यायला लागले. "वाच बरं किती हाय ते. तुहा अभ्यास होऊन जाईन." मी ऐटीत वाचायची. मग रेघेवर करवत धरताना अंगठा आधी रेघेवर फिरवायला लागले, गेरू हाताला लागतो का ते बघायला. मग एक दिवस मायनं पुढ्यात ठेवलेला पाण्याचा गडवा त्यांनी लाथेनं उडवला आणि उलट तिच्यावरच ओरडले, "रस्त्यात कायले ठेवते?" तो रस्त्यात नव्हता. मायनं पाणी पुसलं. आम्ही दोघी त्या दिवसापासून जाणून होतो, आणि बाबा जाणून होते की आम्ही जाणतो, पण तिघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. आता लिहिताना माझाच मला संताप येतो. पण वाढयाच्या घरात 'दिसत नाही' हा शब्द उच्चारला की घर बसलंच. गावात एकाच्या कानावर गेलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून वखराचा दांडासुद्धा कोणी आणून दिला नसता.

अशात बळीरामजी आले. धानाचे व्यापारी, गावात वजन असलेला माणूस, पण बोलायला साधा. त्यांच्या सुनेला लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगा झाला होता, मुन्ना. तिनं नवस बोलला होता, की पोरगं चालायला-बोलायला लागलं की तान्ह्या पोळ्यात त्याचा नंदी असा असेल की तो त्यावर बसेल, आणि नंदी एका लाकडाचा असेल. चाकं वेगळी चालतील, पण नंदीच्या अंगाला सांधा नको. एका जिवासाठी एकच लाकूड. "एवढा मोठा नंदी तुह्याशिवाय कोणी काढनार नाही, म्हादू," बळीरामजी म्हणाले. बाबांचा चेहरा मी पाहिला. किती दिवसांनी त्यांचे खांदे सरळ झाले होते! मोठे फर्मे आजोबांनीच करून ठेवले होते, माळ्यावर पडून होते. बाबांनी ते उतरवायला लावले आणि हातांनी चाचपले. मला म्हणाले, "शिंगायची रुंदी मोज." सोळा इंच. उंची साडेचौदा.

एवढ्या जाडीचं शिवणीचं लाकूड त्या साली कुठे मिळेना. नंदीला शिवणच पाहिजे, ती हलकी असते आणि तडकत नाही. बळीरामजींनी पवनीपर्यंत माणूस पाठवला, नाही मिळालं. मग सगळ्यांची नजर आमच्या अंगणाकडे गेली. कोणी मागितलं नाही. बळीरामजींची सून एक दिवस मुन्नाला कडेवर घेऊन आली, मायजवळ बसली, आणि नुसती झाडाकडे पाहत राहिली. माय तिला चहा करून देत म्हणाली, "पोराच्या नवसाचं हाय, मी नाही कशी म्हणू बाई?" ती गेल्यावर माय मला म्हणाली, "मोजून पाह्य वं एकडाव. तोडल्यावर नाही पुरलं तं काय करशीन? पुरन ना?"

आता मी काय केलं ते नीट सांगते, कारण हे एका माणसाखेरीज कोणाला कधी सांगितलं नाही. बाबांबरोबर मी लहानपणापासून जंगलाच्या डेपोत जायची. तिथे ओंडका मोजायची एक रीत होती. ओंडक्याभोवती दोरी गुंडाळायची, तिच्या चार घड्या घालायच्या, आणि एक घडी म्हणजे लाकडाची बाजू धरायची. त्या बाजूवरून घनफूट काढायचे. सगळे असंच मोजत. बाबाही असंच घेत. तर मी झाडाभोवती सुतळी गुंडाळली. साल धरून नको म्हणून थोडं सोडलं, एवढी मी शहाणी. सहासष्ट इंच भरली. चार घड्या घातल्या. साडेसोळा. सोळाचा फर्मा, साडेसोळाची बाजू! मी तिथूनच ओरडले, "बाबा, साडेसोळा निंघते!" बाबा खाटेवर होते. "चौरस साडेसोळा?" "हो." "मंग बसते," ते म्हणाले. मायनं खोडाला एकदा हात लावला आणि आत गेली.

गोलात बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या चौरसाची बाजू कशी काढायची हे मला त्याच वर्षी शिकवलं होतं. परीक्षेत आलं होतं, मला पूर्ण गुण होते. परीघ सहासष्ट म्हणजे व्यास एकवीस, आणि त्यात बसणारा चौरस पंधरालाही थोडा कमी. दोन ओळींचं गणित. पाटीसुद्धा लागली नसती. पण शाळेतलं गणित शाळेत आणि अंगणातली सुतळी अंगणात, ही दोन एकमेकांना ओळखतात हेच माझ्या टाळक्यात आलं नाही. दोरीच्या घडीनं लाकूड विकत घेतात, त्यातून कोरत नाहीत. हे बाबांना माहीत होतं, पण इतकं माहीत होतं की सांगायची कधी वेळच आली नव्हती. दोन वर्षांपूर्वीचे बाबा असते, तर झाडाखाली उभं राहून, मान वर करून, विडी पेटवता पेटवता म्हणाले असते, "नाही बसत." त्या दिवशी त्यांनी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि माझे डोळे सुतळीवर होते.

झाड फाल्गुनात तोडलं. ते पडलं त्या वेळी मी शाळेत होते. आले तर अंगणात इतकं ऊन होतं की मला आमचं घर ओळखू येईना. माय भिंतीच्या सावलीच्या बोटभर पट्ट्यात सूप घेऊन बसली होती. पुढं त्या उन्हाळ्यात ती सावलीबरोबर सरकत राहायची, सकाळी या भिंतीला, दुपारून त्या. तक्रार नाही. साल काढून ओंडका दोन महिने छपरीत वाळवला आणि पाऊस तोंडावर आला तेव्हा मोठी करवत चालवणारे दोघं आरेवाले भाऊ बोलावले. लाकडी घोडीवर ओंडका चढवला. बाबा म्हणाले, "सुमे, मार रेघा." मी ओंडक्याच्या गोल तोंडावर मध्य काढला, पट्टी ठेवली आणि साडेसोळाचा चौकोन आखायला घेतला.

कोपरे लाकडात बसेनात. चारही कोपरे बाहेर, हवेत. मला वाटलं मध्य चुकला. पुसून परत आखलं. परत हवेत. थोरला आरेवाला मिशीत हसायला लागला. "बाई, हे कोपरे कायच्यावर काढून राहिली तू? आरा का हवेवर चालवू?" माझ्या हातातली पट्टी घामानं निसटली. "काय झालं?" बाबांनी विचारलं. मी पट्टी उचलायला वाकले. तो आरेवालाच म्हणाला, "म्हादूभाऊ, पंधराच्या वरतं नाही निंघत ना हे. तुमाले दिसत नाही का?" तो असंच म्हणाला, जसं कोणीही कोणाला म्हणतं. पण बाबांच्या मानेची शीर उडताना मला दिसली. ते हसले. चक्क हसले! "दिसते ना बे. पंधराचंच काढाचं हाय. पोट्टी गडबडली." आणि मला म्हणाले, "पंधराचा आख."

मी आखला. काय करणार होते? 'थांबा' म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण म्हणजे एक तर माझी चूक, नाही तर त्यांचे डोळे. दोन अनोळखी माणसं आरा धरून उभी होती, एक खाली, एक वर. सुतळी ताणली, टण् झालं, आणि आरा चालू लागला. आयुष्यात तो एकच आवाज मला कधी आवडला नाही. चार फाळ्या एकामागून एक भुईवर पडल्या, एका अंगानं सपाट, एका अंगानं गोल. आरेवाले गेल्यावर बाबा त्यांतल्या एका फाळीजवळ उकिडवे बसले आणि तिच्या गोल अंगावरून तळहात फिरवत राहिले. मग दुसरी जवळ ओढली. तिच्यावरूनही. पुष्कळ वेळ. मला वाटलं, मायच्या झाडाला हात लावताहेत. मला पाहवेना म्हणून मी आत गेले.

संध्याकाळी मायनं लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात रांधला. फाळ्या फोडून तिनं चुलीत सारल्या होत्या. शिवण वाळली की फडफडा जळते. बाबा पाटावर बसले, भातावर वरण कालवलं, पहिला घास उचलला आणि थांबले. "काय जाळून राहिली?" "फाळ्या," माय म्हणाली. "मंग काय त्यायची पूजा करू? पावसाळ्याचं सरपण हाय ते." सगळ्या उन्हाळ्यात ती एवढंच काय ते झाडाबद्दल बोलली. बाबांनी घास ताटात ठेवला आणि ताटातच हात धुतला. "पोटात बरं नाही माह्या," म्हणाले, आणि भिंतीला धरून उठले. मी पण जेवले नाही. तीन दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही. मायला वाटलं, शाळेत काही झालं असेल.

मग आषाढ-श्रावणभर बाबा कोरत राहिले. समोरचा फर्मा ठोकळ्यावर ठेवला की शिंगांची टोकं दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर यायची. मी म्हटलं, "बाबा, मी कमी मापाचा दुसरा फर्मा काढून देऊ का? गणितानं बरोबर काढून देतो." आमच्याकडे पोरीही 'देतो'च म्हणतात. ते म्हणाले, "माह्या हाताले हाच ठाऊक हाय." म्हणजे काय ते मला कळलं. नवी रेघ डोळ्यांना लागते. हा फर्मा त्यांच्या बोटांना पाठ होता. तेव्हा त्यांनी असं ठरवलं की शिंगं बाहेर न नेता आत वळवायची. नंदी हळूहळू निघत होता, बाई, आणि काय निघत होता! वशिंड, मानेखाली लोंबणारी पोळी, गुडघ्यांच्या वाट्या, सगळं अंगठ्यानं चाचपून चाचपून. छपरीवर पाऊस वाजायचा आणि खाली टक टक. मी शाळेतून येताना कोपऱ्यावरून कान देऊन ऐकायची. टक टक चालू असलं की हायसं वाटायचं.

पोळ्याला चार दिवस उरले होते. मी कोपऱ्यावर आले तर टक टक नव्हतं. दारातून पाहिलं, तर बाबा छपरीत गुडघ्यांवर होते आणि दोन्ही हातांनी ढलप्यांमध्ये काहीतरी शोधत होते. नंदीकडे पाहिलं. डावं शिंग अर्धंच उरलं होतं. आत वळवताना बारीक करावं लागलं, लाकडाच्या रेषा तिथे आडव्या, मोगरी जराशी जोरात बसली असेल, झालं. तुटलेलं टोक त्यांच्या उजव्या गुडघ्याजवळ पडलं होतं, वीतभरावर. आणि ते डावीकडे शोधत होते. मूठभर ढलप्या उचलायच्या, चोळून पाहायच्या, टाकायच्या. परत उचलायच्या. मी दारात दप्तर घेऊन उभी. उचलून हातात द्यावं, तर त्यांना कळणार की मी उभी राहून पाहिलं. आणि निघून जावं, तर कसं जाऊ? माझा बाप भुईवर रांगत होता! शेवटी मी पुढं झाले, ते टोक उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली. वर पाहिलं नाही. म्हणाले, "कवापासून उभी हाय वं?" मी म्हटलं, "आताच आलो."

लाख लावून शिंग चिकटवता आलं असतं. रंगाखाली कोणाला दिसलंही नसतं. माय हळूच तसं म्हणालीही. पण बाबा म्हणाले, "त्या पोरीनं नवस एका लाकडाचा बोलला हाय. देवाले फसवता येईन, तिले कसं फसवू?" दुसऱ्या दिवशी सकाळी नंदी बंडीत ठेवला आणि बाबांनी माझ्यापुढे हात केला. सगळ्या गावादेखत, भर दिवसा, मी बाबांना हाताला धरून रस्त्यानं नेलं. बळीरामजींच्या ओसरीवर बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "बळीरामजी, मले दिसत नाही. दीड वर्ष झालं. काम बिघडलं माह्या हातून."

त्या क्षणी मी बोलायला पाहिजे होतं. 'दिसत नाही म्हणून नाही बिघडलं. मी सुतळीनं मोजलं म्हणून बिघडलं. ठोकळाच लहान पडला.' एवढी दोन-तीन वाक्यं. मी घशापर्यंत आणली. बळीरामजी बिचारे चांगले वागले, आणि तेच वाईट झालं. "अरे, डोळ्याचं कोणाच्या हातात असते का? जाऊ दे," म्हणाले, बाबांना बसवलं, चहा सांगितला. सून आतून आली. तिनं तुटक्या शिंगावर हात ठेवला, आणि रडायला लागली, आवाज न करता. कोणाला दोष दिला नाही. बाबा तिच्या दिशेनं हात जोडून बसले होते. ती त्या दिशेला नव्हती. मी चहाची बशी हातात घेऊन उभी राहिले आणि घशातली वाक्यं परत गिळली.

तान्ह्या पोळ्याला बळीरामजींनी बाजारातून दुसरा नंदी आणला होता, छोटा, सांध्यांचा. पण मुन्नानं त्याला हात लावला नाही. त्याला तोच पाहिजे. तो एका शिंगाच्या नंदीवर बसला आणि त्याच्या काकानं दोरी ओढली. तोरणाखाली झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणणं चालू होतं, आणि मागून पोरांचा आरडाओरडा, "खांड्या आला! खांड्या आला!" तुटक्या शिंगाच्या बैलाला आमच्याकडे खांड्या म्हणतात. पोरगा खूश होता, त्याला वाटलं नंदीचं नाव खांड्या आहे. बाबा घरात खाटेवर बसून ते ऐकत होते. माय त्यांच्याजवळ पुरणपोळीचं ताट घेऊन बसली होती. तो आवाज गल्लीगल्लीतून फिरत आमच्या दारावरून गेला, आणि दूर गेला, तरी बराच वेळ येत राहिला.

पुढं भंडाऱ्याच्या डॉक्टरनं पाहिलं. काचबिंदू निघाला. "आधी यायला पाहिजे होतं. गेलेली नजर परत येत नाही," म्हणाला. बाबांनी परत हत्यारं धरली नाहीत. मायनं लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणी केली, मला शिकवलं, आणि मी गणिताचीच मास्तरीण झाले. काहून झाले, हे मला विचारू नका. आणि बळीरामजींच्या ओसरीवर मी गिळलेली वाक्यं गिळलेलीच राहिली. गावात आजही सांगतात, म्हादू वाढयाचे डोळे गेले म्हणून नवसाचा नंदी बिघडला.

नोकरी लागून बारा-तेरा वर्षं झाली असतील. फळ्यावर तसलंच एक उदाहरण होतं, ओंडक्यातून मोठ्यात मोठा चौरस ठोकळा. मी व्यास, बाजू, सगळं लिहून दाखवलं. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "मॅडम, पण कोरतेवेळी पहिले चौरस कायले कराचा? त्यानं तं लाकूड वायाच जाते. गोलातच मोठं नाही का बसनार?" वर्ग हसला. मी तिला बस म्हटलं. घरी आले आणि कागद घेतला. एकवीस इंचांचं वर्तुळ काढलं, माप कमी करून. त्यात नंदी समोरून बसवला. नंदीचे पाय जवळ जवळ असतात, सात इंचांत मावतात. ते खाली, जिथं गोल अरुंद होतो तिथं. त्यावर साडेचौदा उंची मोजली. शिंगं जिथं आली तिथं गोलाची रुंदी अठरा इंचांपेक्षा जास्त होती. अठरा! आम्हाला सोळा पाहिजे होती. मी तीनदा आखलं. तीनदा तेच. म्हणजे झाड पुरत होतं. सुतळीनं चुकीचं सांगितलं आणि तरीही झाड पुरत होतं. चौरस केला नसता, नुसता गोल ओंडका ठेवून कोरायला घेतला असता, तर अख्खा नंदी, शिंगांसकट, आत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले. मायला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाबा अंगणात खाटेवर, जिथं झाड होतं तिथंच. शेजारच्या काकूनं एक चांगली जाडजूड लवकी, म्हणजे दुधी, आणून दिली होती. मी ती बाबांच्या मांडीवर ठेवली, त्यांची बोटं धरली आणि सांगायला लागले. आधी सुतळीचं सांगितलं, एवढ्या वर्षांचं. डेपोची रीत, चार घड्या, साडेसोळा, सगळं. त्यांनी नुसती मान हलवली. मग लवकीवर त्यांची बोटं फिरवून म्हटलं, "हा ओंडका समजा, बाबा. पाय इकडे खाली, अरुंद जागेत. अन् शिंगं इथं, मधात, जिथं रुंद हाय. दोन्ही टोकं बसत व्हती. चौरस केलंच नसतं तं—"

"मले ठाऊक हाय," बाबा म्हणाले.

मी त्यांची बोटं सोडली. "कवापासून?"

"त्याच दिवशीपासून. आरेवाले गेले, मी फाळ्यायवरून हात फिरवला, तवाच समजलं. दोन फाळ्यायत दोन टोकं व्हती. बोटभर-बोटभर." त्यांनी लवकीच्या दोन्ही अंगांवर एकेक बोट ठेवलं, बरोबर जिथं मी दाखवणार होते तिथं. "तुह्या मायनं त्यायच्यावर भात रांधला."

"मंग सांगतलं काहून नाही, बाबा? इतके वर्सं?"

ते लवकीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "तुह्या मायले कसं सांगू, का झाड पुरत व्हतं म्हणून? अन् तू तं तीन दिस तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यावर अजून काय सांगू वं तुले?" आणि लवकी माझ्या हातात देत म्हणाले, "घे, हिची भाजी कर आता. चना डाळ टाकजो."

मी लवकी सोलली, चिरली, चण्याची डाळ घालून शिजवली. भात केला. बाबांना ताट वाढलं, त्यांचा हात धरून भात कुठे, भाजी कुठे ते दाखवलं. ते पोटभर जेवले, भाजी दोनदा मागून घेतली. मला एक घास उतरला नाही.